गॅस गीझर सारखा बंद पडतो अन् आंघोळीत गरगरतं? पार्ट बदलायच्या आधी बाथरूमची हवा बघा

मी परभणीत गीझर, शेगडी अन् पाण्याच्या लाइनीचं काम करतो. दिवाळी झाली, कृषी विद्यापीठातला पारा पेपरात छापून यायला लागला की माझे फोन सुरू होतात आणि तक्रार दरवर्षी तीच, "भाऊ, गीझर पाच-सात मिनिटं चालतो अन् बंद पडतो, परत चालू केला की परत बंद, गेल्या हिवाळ्यात पण असंच झालतं, सेल बदलले, सेन्सर बदलला, उन्हाळाभर एकदम ओके होता अन् आता परत तेच." आणि फोन ठेवता ठेवता सहज एक वाक्य येतं, "हिला आंघोळ झाल्यावर जरा गरगरतं, पण ते बीपीचं असंल." ते शेवटचं वाक्य ऐकलं की मी एवढंच म्हणतो, आधी गीझर बंद करा, रेग्युलेटर ऑफ करा, मी येईपर्यंत शेगडीवर पाणी तापवा.

कारण गीझर बंद पडणं अन् माणूस गरगरणं ही एकाच जागची तक्रार आहे. बाथरूममध्ये हवा पुरत नाही. मशीनला पुरत नाही म्हणून मशीन विझतं, माणसाला पुरत नाही म्हणून माणूस पडतो. आता यात सेल बदलून काय होणार?

आधी गणित सांगतो, ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्याकडं जास्त करून ६ लीटरचा गीझर लावतात, म्हणजे मिनिटाला ६ लीटर पाणी गरम करणारा. तो पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला पंधरा किलोच्या वर हवा लागते, म्हणजे हिशेब केला तर हा गीझर मिनिटाला २०० लीटरच्या आसपास हवा खातो. आपलं बाथरूम असतं ४ बाय ६ चं, उंची ८ फूट धरा, त्यात सगळी मिळून साडेपाच हजार लीटरच्या आत हवा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. दार बंद, झरोका बंद, गीझर चालू, तर पाचेक मिनिटांत ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या खाली जायला लागतो, दहा मिनिटांत त्याच्याही बरंच खाली. तिथून पुढं गॅस पूर्ण जळत नाही, अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

ह्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. सिलेंडरचा जो वास आपल्याला येतो तो गॅस लीक झालेला कळावा म्हणून मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, तो जळून जातो. म्हणून "वास तर काही येत नाही ना भाऊ" ह्या बोलण्याला इथं काही अर्थ नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, अन् एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. माणसाला वाटतं थकवा आला, अॅसिडिटी झाली, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून झालं. तेवढ्यात पायातली ताकद जाते आणि कडी आतून लावलेली असते.

ओळखायचं कसं

आधी घरातल्यांना विचारा की गरगरतं कोणाला. माझ्या अनुभवात पहिल्या नंबरला आंघोळ करणारा माणूस म्हणतो मला तर काहीच होत नाही, आणि तो खरंच बोलत असतो. सकाळी एकामागोमाग चौघं आंघोळ करतात, मधी दार उघडतं ते क्षणभर, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या वाट्याला वापरलेली हवा येते. आणि घरात शेवटी आंघोळ कोण करतं? बहुतेक घरची बाई. त्यात डोक्यावरून न्हायचं असलं की वेळ जास्त. म्हणून "हिलाच होतं, हिचं बीपी" असं सगळ्यांना वाटत राहतं. रविवारी जास्त होतं का, न्हायच्या दिवशी जास्त होतं का, बाहेर आल्यावर अर्ध्या-एक तासात बरं वाटतं का, हे विचारा. तिन्हीला हो आलं तर बीपीची गोळी वाढवायच्या आधी गीझर बंद करा.

दुसरं, झरोक्याकडं बघा. आपल्याकडं बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते ती थंडी पडली की बुजवतात, कोणी थर्माकोल लावतं, कोणी पुठ्ठा, कोणी खताची रिकामी पिशवी बोळा करून कोंबतं, शिवाय डास येतात, पाल येते, शेजारच्या गच्चीवरून दिसतं ही कारणं आहेतच. उन्हाळ्यात तीच खिडकी उघडी असते आणि पाणी टाकीतच तापलेलं असतं म्हणून गीझर लागतच नाही फारसा. हिवाळ्यात पाणी गार, गीझर जास्त वेळ चालतो, अन् नेमकी तेव्हाच खिडकी बंद. दरवर्षी थंडीतच गीझर "बिघडतो" त्याचं कारण हे आहे.

तिसरी टेस्ट घरी करता येते, पण मी सांगतो तशीच करा. बाथरूममध्ये कोणी नको. बादली लावा, गरम पाण्याचा नळ सोडा, गीझर पेटला की बाहेर या. आधी दार अन् खिडकी सताड उघडी ठेवून दहा मिनिटं चालू द्या. मग गीझर बंद, थोडा वेळ जाऊ द्या, परत लावा, या वेळी बाहेरून दार ओढून घ्या आणि बाहेरूनच आवाज ऐका. दार उघडं असताना बिनतक्रार चालला अन् दार लावल्यावर विझला तर सेन्सरला हात लावायची गरज नाही, बाथरूमला हवा नाही हे सिद्ध झालं. टेस्ट संपल्यावर लगेच आत शिरू नका. दार पूर्ण उघडा, चांगली हवा जाऊ द्या, मग नळ बंद करायला जा. जमलं तर नळाऐवजी बाहेरचा व्हॉल्व्ह किंवा सिलेंडरच बंद करा, म्हणजे आत जायचं कामच नाही.

आणि ज्योत बघा. गीझरच्या पुढच्या छोट्या काचेतून निळी, ताठ ज्योत दिसली पाहिजे. पिवळी, लांब, लवलवणारी दिसली, गीझरच्या वरच्या जाळीवर किंवा वरच्या टाइलवर काळी काजळी धरली असली, तर गॅस अर्धवट जळतोय हे नक्की. पण उलटं धरून चालू नका, ज्योत निळी दिसली म्हणजे बाथरूम सुरक्षित असं होत नाही. सकाळी पहिल्या मिनिटाला सगळ्यांचीच ज्योत निळी असते.

"सेन्सर काढून देतो" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका

हे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. बऱ्याच गीझरमध्ये ज्योत नीट राहिली नाही की गॅस तोडायची सोय असते, काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद करणारी वेगळी सोय असते, बहुतेकांत २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असतो. ह्या सगळ्या गोष्टी गिऱ्हाइकाला त्रासदायक वाटतात कारण डोक्यावर साबण असताना पाणी गार येतं. मग कोणीतरी येतो, दोन वायरी जोडून सेन्सर बायपास करतो, टायमर काढून टाकतो, गीझर कसा झकास चालायला लागतो, माणूस शंभर-दोनशे घेऊन जातो अन् गिऱ्हाईक खूश. त्या गीझरनं जे सांगायचं होतं ते सांगायची त्याची जीभच कापून टाकली.

जिंतूर रोडच्या बाजूला एका घरी मला बोलावलं होतं, ते असंच. तिथली पोरगी बारावीला, रविवारी केस धुवायला गेली, गीझर चालू, झरोक्यात पांढरी खताची पिशवी कोंबलेली. आईनं दोनदा आवाज दिला, आतून फक्त पाणी पडायचा आवाज. शेजारच्या मामांनी दाराला खांदा लावून कडी तोडली तेव्हा ती नळाखाली बसल्यासारखी पडलेली होती, ओठ हलत होते पण बोलता येत नव्हतं. वाचली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला अन् वाचली. मी गीझर उघडला तेव्हा सेन्सरच्या दोन्ही वायरी पिळून वर काळी टेप मारलेली होती. पिशवी मी बाहेर ओढली तर तिच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर काजळी हाताला लागली. त्या घरात आधीच्या दोन हिवाळ्यांत सेल, रेग्युलेटर, सेन्सर सगळं बदलून झालं होतं, ती पिशवी मात्र कोणी काढली नव्हती.

मग करायचं काय

पक्का इलाज एकच, गीझर बाथरूमच्या बाहेर. गॅलरीत, मागच्या मोकळ्या जागेत, बोळीतल्या भिंतीवर, जिथं वर-खाली-बाजूला उघडी हवा आहे तिथं लावा आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याची लाइन आत घ्या. आपल्या आज्यांच्या काळात तांब्याचा बंब अंगणात पेटायचा अन् पाणी न्हाणीत यायचं, जाळ माणसाच्या खोलीत कोणी नेत नव्हतं, तीच पद्धत धरायची. खर्च जास्त नाही, पाइप, दोन एल्बो, भिंतीला होल आणि एका दिवसाची मजुरी. लाइन सीपीव्हीसीची घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो अन् जॉइंटला सुटतो. लाइन लांब होत असेल तर वरून फोमची नळी चढवा नाहीतर थंडीत अर्धी ऊब वाटेतच जाते. बाहेर लावताना वाऱ्याची दिशा बघा, समोरून वारा लागला तर ज्योत विझते, मग लोक सगळीकडून पत्रा मारून पेटी करतात आणि परत तोच घोळ, हवा बंद. पत्रा फक्त वर अन् वाऱ्याच्या एका बाजूनं. आणि बेडरूमच्या खिडकीच्या खाली गीझर लावू नका, जळलेली हवा गरम असते, वर जाते, सरळ खिडकीतून आत.

सिलेंडर पण बाहेरच, उभा, जमिनीच्या पातळीला, खड्ड्यात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खाली साचतो आणि नहाणी ट्रॅपमध्ये, गटारात उतरतो, म्हणून ड्रेनेजच्या झाकणाजवळ सिलेंडर ठेवू नका. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. गीझर पण मार्कवाला घ्या, ह्या छोट्या एलपीजी गीझरसाठी आयएस १५५५८ हे स्टँडर्ड आहे. आणि मॅन्युअल फेकू नका. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलात बाथरूममध्ये लावू नये असं ठळक छापलेलं असतं, आपण मात्र पॅकिंगबरोबर ते रद्दीत देतो अन् गीझर शॉवरच्या शेजारी टांगतो.

फ्लॅट असेल तर प्रश्न जरा अवघड होतो. संभाजीनगरला, नांदेडला नव्या बिल्डिंगींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगीतल्या उभ्या बंदिस्त बोळीत उघडते आणि लोकांना वाटतं खिडकी आहे ना, झालं. डक्ट वरून मोकळं आहे का ते गच्चीवर जाऊन बघा. पावसाचं पाणी, कबुतरं नकोत म्हणून बऱ्याच ठिकाणी वरून पत्रा टाकलेला असतो. मग पाच मजल्यांच्या पाच गीझरची जळकी हवा त्याच डक्टमध्ये फिरते आणि तुमच्या घरी गीझर बंद असला तरी तुमच्या बाथरूममध्ये शिरते. चिमणीवाला म्हणजे फ्लू पाइपचा गीझर घेतला तरी पाइप थेट बाहेरच्या मोकळ्या हवेत निघाला पाहिजे, चढता पाहिजे. डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर सोडून दिलेला पाइप म्हणजे काहीच केलं नाही असं समजा. अशा फ्लॅटमध्ये मी सरळ सांगतो, गॅस गीझर लावू नका, इलेक्ट्रिक लावा किंवा गच्चीवर सोलर. आमच्याकडं लाइट जाते म्हणून लोक गॅसकडं वळले हे मला माहितीये, पण १५ किंवा २५ लीटरच्या टाकीवाल्या इलेक्ट्रिक गीझरमध्ये लाइट असताना पाणी तापवून ठेवलं तर ते बराच वेळ गरम राहतं. अन् सोलरला आपल्याकडं ऊन काय कमी आहे.

एक्झॉस्ट फॅनबद्दल सगळे विचारतात. फॅन लावा, पण फॅन हवा बाहेर फेकतो, आत यायला जागा नसेल तर तो नुसताच फिरतो. दाराला खाली जाळी पाहिजे, कमीत कमी १० बाय १० इंचाची, आणि ती बादलीनं किंवा पायपुसण्यानं झाकली जाऊ नये. फ्लूवाला गीझर असेल तर उलटा धोका, खाली हवा यायला जागा नसताना फॅन लावला तर तो चिमणीतूनच जळकी हवा परत आत ओढतो. आणि लाइट गेली की फॅन बंद, गीझर मात्र सेलवर चालूच. म्हणून फॅनच्या भरवशावर बिनचिमणीचा गीझर बाथरूमच्या आत ठेवायला मी हो म्हणत नाही.

गीझर हलवेपर्यंत आठ-पंधरा दिवस तरी जाणार, तोपर्यंत असं करा. दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, दार दोन-चार मिनिटं उघडंच ठेवायचं, मग आत जाऊन दार लावून आंघोळ करायची. आत माणूस, दार बंद आणि गीझर चालू, हे तिन्ही एका वेळी कधीच नको. पोरांना, म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला तर अजिबातच नको, पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त इजा होते. आणि कडी अशी बसवा की बाहेरून उघडता येईल.

खरोखर पार्टचाच दोष कधी असतो

दार उघडं ठेवूनही गीझर विझत असेल तर मग मशीनकडं या. सेल आधी, जाड डी साइजचे दोन, दोन्ही एकदमच बदलायचे, एक जुना एक नवा नाही. टिकटिक आवाज येतो पण पेटत नाही तर सिलेंडर संपत आलाय का, रेग्युलेटर पूर्ण फिरलाय का ते बघा. टिकटिकच येत नाही तर पाण्याचं प्रेशर, कारण पाण्याच्या दाबानं आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा सरकतो, तो स्विच दाबतो, मग ठिणगी पडते. टाकी स्लॅबवरच ठेवलेली असेल तर १० फूट उंचीला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, त्यात फिल्टरची जाळी कचऱ्यानं भरलेली, मग कसा पेटेल. टाकी उंच करा नाहीतर जाळी साफ करा, बऱ्याच वेळा तेवढ्यावरच काम होतं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तांब्याच्या कॉइलमध्ये आतून पांढरा थर धरतो, पाणी कमी येतं, कॉइल जास्त तापते, ओव्हरहीटवाला कटऑफ पडतो. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत तर गाळ पण. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, डीस्केलिंग (कॉइलमधला तो थर काढणं) आणि बर्नरची साफसफाई करून घ्या. बर्नरवर धूळ, कोळ्याचं जाळं बसलं तरी ज्योत पिवळी होते, म्हणजे मोकळ्या हवेतला गीझरसुद्धा घाण असला तर काजळी सोडतो. गॅसच्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून कधीच नाही.

गॅसची फायरप्लेस लावू का, असं विचारणाऱ्यांसाठी

नवीन बंगला बांधणारे, फार्महाउसवाले आता ऑनलाइन बघून विचारतात, हॉलमध्ये बिनचिमणीची गॅस फायरप्लेस लावता येईल का, दिसायला फार छान दिसते. गणित तेच आहे. अमेरिकेत ह्या वस्तू चालतात, तिथला ठोकताळा असा की दर १००० बीटीयूला (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं तिकडचं माप, इथं तासाचं धरायचं) खोलीत ५० घनफूट जागा पाहिजे, म्हणजे ३० हजार बीटीयूच्या फायरप्लेसला १५०० घनफूट, १२ बाय साडेबारा फुटांची अन् १० फूट उंचीची खोली, तीही बाहेरून हवा येणारी. बेडरूममध्ये १०,००० आणि बाथरूममध्ये ६,००० बीटीयूच्या वर लावू देत नाहीत. ऑक्सिजन १८ टक्क्यांवर आला की बंद पाडणारा सेन्सर त्यात असावाच लागतो, तरी कॅलिफोर्नियात घरात लावायला बंदीच आहे. आता आपला ६ लीटरचा गीझर ४० हजार बीटीयूच्या आसपास जातो, त्याला ह्या हिशेबानं दोन हजार घनफूट पाहिजे अन् आपण त्याला देतो दोनशेसुद्धा नाही, हे बघितलं तर बाथरूममधल्या गीझरला मी एवढं का भितो ते कळेल.

फायरप्लेस लावायचीच असेल तर चिमणीवाली लावा, जळकी हवा पाइपनं बाहेर जाणारी. बिनचिमणीचीच घेतली तर खोली मोठी, दोन समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या, तास-दोन तासांच्या वर नाही, आणि पेटवून झोपायचं तर मुळीच नाही. नॅचरल गॅसचं मॉडेल सिलेंडरवर लावू नका, गॅस सोडणारे जेट वेगळे असतात, ज्योत भडकते अन् काजळी धरते. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड लीटरच्या वर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, नव्या पीओपीवर बुरशी आली की मग पेंटरला दोष देतात. नेपाळमध्ये दामनला २०२० च्या जानेवारीत केरळचे आठ पर्यटक थंडी म्हणून एकाच खोलीत गॅस हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले, त्यात चार लहान लेकरं होती, आठही जण गेले. खोली हॉटेलची होती. घरात कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांना पण हेच लागू आहे, शेकोटी करायची तर अंगणात करा.

कोणी पडलं तर

आधी दार-खिडक्या उघडा, गीझर आणि सिलेंडर बंद करा, माणसाला ओढत का होईना बाहेर मोकळ्यावर आणा. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा. गॅसचा वास येत असेल तर लाइटचं बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ ला कळवा, ती एलपीजीची इमर्जन्सी लाइन आहे. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे पाहिजे की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता. हे सांगितलं नाही तर फीट, हार्ट, शुगर अशा वाटेनं तपासण्या सुरू होतात. ह्या प्रकारात झटकेसुद्धा येतात आणि फीटच्या गोळ्या सुरू झालेली माणसं असतात, डॉक्टर लोकांत ह्याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावच आहे. आणि करोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं फसवतं, ते ९८ दाखवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. ९८ बघून घरी बसू नका. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कनं पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आणि बरं वाटलं तरी पुढचे काही आठवडे विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर परत डॉक्टरला दाखवा, त्रास उशिरानं सुद्धा उमटतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, सेलवर चालतो, बाथरूमच्या दाराबाहेर डोक्याच्या उंचीला लावा, आत वाफेनं खराब होतो. दुकानात मागताना नीट सांगा, गॅस लीकचा डिटेक्टर वेगळा, तो जमिनीजवळ लावायचा असतो आणि तो ह्या वायूला ओरडत नाही. अलार्म आहे म्हणून गीझर आत ठेवायचा, असं मात्र करू नका.

शेवटी लातूरला, संभाजीनगरला, नांदेडला पोरं शिकायला ठेवणाऱ्या आई-बापांना सांगतो. रूम बघायला जाता तेव्हा मेस बघता, क्लास किती लांब ते बघता, वायफाय विचारता. बाथरूममध्ये जाऊन वर मान करून बघा. एका बाथरूमवर आठ-दहा पोरं, सकाळी क्लासची घाई, रांगेत एकामागोमाग आंघोळी, आणि भिंतीवर गॅस गीझर असेल तर मालकाला तिथंच विचारा की हा बाहेर कधी घेताय. मालक म्हणाले आजपर्यंत काही झालं नाही, तर झरोका उघडा आहे का, दाराला खाली जाळी आहे का, कडी बाहेरून उघडते का, हे त्यांच्यासमोर बघा. गीझर बाहेर घ्यायला तयार नसतील तर दुसरी रूम बघा, अन् पोराला बादली भरून, गीझर बंद करून मगच दार लावायची सवय घरून निघायच्या आधीच लावा.